माळकऱ्याचा घसा

संपतबुवांचा घसा बसला तेव्हा घरात कोणी मनावर घेतलं नाही. घोडेगावात थंडी पडली की निम्म्या गावाचे घसे बसतात, आणि बुवा तर भजनी मंडळाचे म्होरके. त्यांचा घसा वर्षातून दोन-तीनदा बसायचाच. पण या वेळी बसला तो उठेना. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, डॉक्टर सोनल यांनी दिलेल्या दोन तऱ्हांच्या गोळ्या झाल्या. बुवांनी अभंग धरला की पहिली ओळ कशीबशी निघायची आणि दुसऱ्या ओळीला आवाज वंगण संपलेल्या गाडीच्या चाकासारखा करकरायचा. इकडे तळेघरचा सप्ताह तोंडावर आला होता, आणि तिथे काकड्यापासून हरिपाठापर्यंत सगळा भार बुवांवर होता.

याचा सगळ्यात जास्त घोर लागला तो त्यांच्या जावयाला. भगवंत मूळचा खोडदचा. पुण्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काही वर्षं काढून तो सासुरवाडीला आला. बुवांना वृषाली ही एकच लेक, म्हणून त्यांनी घराची पुढची खोली त्याला लॅब काढायला दिली. अट एवढीच घातली, की हे माळकऱ्याचं घर आहे, इथे मटण-मासळी तर सोडाच, अंड्याचं टरफलसुद्धा दिसता कामा नये. भगवंतनं ती मान्य केली. तो स्वभावानंच अस्वस्थ माणूस होता. दुधाचं पातेलं चुलीवर चढलं की ते उतू जाईल म्हणून समोर उभा राहायचा आणि उतू गेलं नाही तर का गेलं नाही याची काळजी करायचा. अशा माणसानं लॅब काढली होती, आणि त्यातही आता त्याला जंतू वाढवायचे होते.

रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, लघवी एवढं तो करतच होता. पण घशातला, जखमेतला जंतू वाढवून तो कोणता आहे ते ओळखायचं काम घोडेगावात कोणीच करत नव्हतं. नमुना पुण्याला जायचा आणि उत्तर येईपर्यंत पेशंट एक तर बरा झालेला असायचा, नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असायचा. भगवंतनं पुण्याहून एक जुनं इन्क्युबेटर आणलं. अंगाच्या उबेइतकी ऊब धरून ठेवणारं ते पत्र्याचं कपाट कित्येक दिवस रिकामंच गरम होत होतं.

डॉक्टर सोनल यांनी बुवांच्या घशात बॅटरी मारून पाहिली आणि भगवंतला बाजूला घेतलं. "आता तिसरं औषध मी अंदाजानं देणार नाही," त्या म्हणाल्या. "मला शंका आहे तो जंतू असेल तर तिथंच थांबणार नाही. घशात गळू करील, पुढं किडनीला त्रास देईल. तुम्ही घशाचा नमुना वाढवून बघा. नीट जमलं तर यापुढं माझे सगळे नमुने तुमच्याकडंच."

भगवंतला आनंद झाला, पण माळकऱ्याच्या घरात हे जमवायचं कसं, हेही लगेच डोक्यात आलं. कारण हा जंतू ज्या थाळीत वाढवतात, त्या थाळीतल्या जेलीसारख्या खळीत रक्त मिसळावं लागतं. जंतू तोच असेल तर तो आपल्याभोवतीचं रक्त विरघळवतो आणि लाल थाळीवर स्वच्छ, पारदर्शक कडं उमटतं. हे कडं नीट दिसायचं तर रक्त माणसाचं चालत नाही. मेंढीचं लागतं. तेही ताजं आणि जिवंत मेंढीचं.

दिवाळी झाली की धनगर मेंढरं घेऊन खाली येतात आणि रिकाम्या रानात बसवतात. ओढ्याकडच्या रानात चिमाजी धनगराचा कळप बसला होता. भगवंतनं त्याला सगळं समजावून सांगितलं. चिमाजीनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की थोडं रक्त काढल्यानं मेंढीला काही होत नाही हे त्याला पटतंय, पण चार लोकांच्या देखत तो काढू देणार नाही. उद्या एखादं मेंढरू आपसूक मेलं तरी घरचे बोट त्याच्याकडेच दाखवतील. त्यापेक्षा मेंढी घरी न्यावी, काय करायचं ते करावं आणि दुसऱ्या दिवशी आणून सोडावी.

अशा रीतीनं माळकऱ्याच्या दारात मेंढी आली. बुवा ओसरीवर बसले होते. त्यांनी खुणेनं विचारलं, हे काय. भगवंतच्या तोंडून निघून गेलं, की चिमाजीची मेंढी आहे, पाय मुरगळलाय, एक दिवस विसावा पाहिजे. बुवा मनानं फार मऊ. ते लगेच उठले, तेलाची वाटी आणली आणि कोणता पाय म्हणून विचारलं. भगवंतनं पुढचा डावा दाखवला. बुवांनी तो चोळला. संध्याकाळी पुन्हा तेल घेऊन आले तेव्हा भगवंतनं मागचा उजवा दाखवला. बुवांनी तोही चोळला. मेंढीचे चारही पाय ठणठणीत होते आणि तिला हा पाहुणचार पसंत पडला असावा, कारण ती बुवांच्या मागेमागे ओसरीभर फिरायला लागली.

सकाळी बुवा मंदिरात गेल्यावर भगवंतनं वृषालीला गोठ्यामागे नेलं. तिनं मेंढी धरली. भगवंतनं आपल्या दाढीच्या सामानानं तिच्या मानेवरची लोकर रुपयाएवढ्या जागेत भादरली आणि सुई घातली. मेंढी शांत उभी राहिली. रक्त घेतलेला चंबू त्यानं लगोलग लॅबमध्ये आणला. त्यात काचेचे मणी टाकलेले असतात आणि रक्त गोठू नये म्हणून तो सारखा हलवत राहावा लागतो. भगवंत दार लोटून, डोळे मिटून, चंबू हलवत उभा राहिला. मण्यांचा बारीक खुळखुळ आवाज येत राहिला.

तेवढ्यात बुवा परतले. दाराशी थबकले. आतून मण्यांचा आवाज येतोय आणि जावई डोळे मिटून काहीतरी पुटपुटतोय एवढं त्यांना फटीतून दिसलं. भगवंत पुटपुटत होता ते, देवा, गोठू नको देऊ, असं होतं. पण बुवांचे डोळे भरून आले. त्यांनी आत जाऊन बसक्या आवाजात वृषालीला सांगितलं, की जावई जपाला लागले, आता मला काळजी नाही. वृषालीनं पदर तोंडाला लावला. बुवांना वाटलं, तिलाही भरून आलं.

पुढचं काम भगवंतनं नेटकं केलं. थाळ्या ओतल्या, त्या आळल्या, लालबुंद आणि गुळगुळीत झाल्या. बुवांच्या घशातून कापसाची काडी फिरवून त्यानं नमुना घेतला. बुवा एवढे ओकारले की मेंढी दचकली. नमुना थाळीवर रेघोट्या ओढून पसरला, थाळी डब्यात, डबा कपाटात. आता फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं होतं, आणि भगवंतला नेमकं तेवढंच जमत नव्हतं. तो दर थोड्या वेळानं कपाट उघडून बघायचा, काही दिसत नाही म्हणून बंद करायचा आणि आपण उघडल्यामुळे ऊब गेली असेल म्हणून पुन्हा उघडायचा.

या गडबडीत मेंढी परत करायची राहिली. दुपारी शेजारच्या कोंडाबाई फुलझाडांसाठी लेंड्या गोळा करायला आल्या. त्यांच्या नजरेतून गावातली नवी चूलही सुटत नसे, मग भादरलेली मान कशी सुटणार. त्यांनी वृषालीला विचारलं. वृषालीला खोटं बोलता यायचं नाही. तिनं कोणाला सांगणार नाही अशी शपथ घालून सगळं सांगितलं. कोंडाबाईंनी शपथ पाळली. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, फक्त बुवांना सांगितलं.

बुवा लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. रागानं त्यांचा उरलासुरला आवाजही गेला होता, म्हणून कोंडाबाईच त्यांच्या वतीनं बोलल्या. "जावई, बुवा इचारत्यात, तुमी त्यांच्या घशातलं मेंढीच्या रगतात कालवलं का?"

भगवंतनं समजावायचा प्रयत्न केला. थाळीत गेले ते जंतू, मामा गेलेले नाहीत. आमच्या खोडदला दुर्बिणीच्या मोठमोठ्या अँटेना लावून आभाळात काय चाललंय ते ऐकतात, त्यानं आभाळाला विटाळ होत नाही, तसंच हे. बुवांनी मान हलवली. त्यांचं म्हणणं त्यांनी मोठ्या कष्टानं, एकेक शब्द सुटा करून मांडलं. आभाळ आभाळाच्या जागी राहतं. हे जंतू महिनाभर आपल्या घशात होते, आपलं जेवले, आपल्यासोबत हरिपाठ म्हणाले. आपल्या घरचे म्हणायचे ते. आणि त्यांना रक्त खाऊ घातलं. थाळी आत्ताच्या आत्ता ओढ्यात टाका.

भगवंतनं एक दिवसाची मुदत मागितली. बुवांनी जेवण सोडलं आणि ओसरीवर घोंगडी पांघरून भिंतीकडे तोंड करून बसले.

बातमी दुपारच्या एसटीत बसली. घोडेगावच्या स्टँडवर ती निघाली तेव्हा बुवांची थुंकी रक्तात मिसळली होती. डिंभ्याला पोचेपर्यंत रक्त बुवांच्या घशात गेलं होतं. तळेघरला उतरली तेव्हा बुवांना मेंढीच्या रक्ताची बाटली चढवली होती आणि ते मेंढरासारखे ओरडत होते. सप्ताहाचा प्रमुख कुशाबा हे ऐकून परतीच्या गाडीनं खाली आला. डोंगरात भाताची आणि नाचणीची शेती करणारा हा म्हातारा कमी बोलायचा आणि बोलायचा ते संपूर्ण ऐकल्यावरच. तो आला तेव्हा भजनी मंडळ आधीच ओसरीवर जमलं होतं. पखवाजवाला भिका तर पखवाज घेऊनच आला होता, का ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

कुशाबानं रामराम घातला. बुवांनी घोंगडीतून तोंड काढलं आणि बसा म्हणायला गेले. घशातून निघालं ते, "ब्यॅ."

अंगणातून मेंढीनं उत्तर दिलं.

कुशाबानं शांतपणे टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि भगवंतकडून पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं. मध्येच वीज गेली. भगवंत बोलता बोलता ताडकन उठला, आत पळाला, डबा कपाटातून काढून गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवला आणि गुंडाळायला काही सापडेना म्हणून बाहेर येऊन सासऱ्यांच्या अंगावरची घोंगडीच ओढून घेऊन गेला. बुवा थंडीत उघडे पडले. वृषाली म्हणाली, की तिच्या आजारपणात यांनी साधी गोधडीसुद्धा सरळ केली नव्हती.

भगवंत परत आल्यावर कुशाबानं भिकाला विचारलं, पखवाजाला कातडं कशाचं असतं. भिकानं आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं आणि ते मांडीखाली घातले. बुवांनी खूण केली, की ते बाहेरून असतं, खात नाही कोणी.

"ते बी खरंय," कुशाबा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बुवा, ते जंतू आता तुमच्या घशात हायेत का थाळीत?"

बुवांनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

"म्हंजी ते येगळं निघालं. येगळ्या घरात ऱ्हायला गेलं. आमच्याकडं येगळ्या निघालेल्या पोरानं कोंबडं कापलं, तर बापाला पाप लागत न्हाई. तुमच्या माळंला काय बी झालेलं न्हाई."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. भगवंतला तर या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण बुवांचा चेहरा अजून उतरलेलाच होता. त्यांनी कुशाबाला जवळ बोलावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. कुशाबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं सगळ्यांना सांगितलं, की बुवा विचारतात, थाळीतले वेगळे निघाले ते ठीक, पण त्यांचे भाऊबंद अजून घशातच आहेत. ते काय खातात?

उद्या थाळी बघू आणि मग ठरवू, असं म्हणून कुशाबा त्या दिवशी तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सोनल आल्या तेव्हा भगवंतनं डबा उघडला. उघडायच्या आधी त्यानं हात दोनदा धुतले आणि पुसायला विसरला. लाल थाळीवर रेघोट्यांच्या कडेनं बारीक, पांढुरके ठिपके उठले होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडं पडलं होतं. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. डॉक्टर सोनल यांनी थाळी उजेडाकडे धरली, खात्रीची आणखी एक चाचणी भगवंतला करायला सांगितली, आणि म्हणाल्या, की पुण्यात यापेक्षा चांगली थाळी त्यांनी पाहिलेली नाही. भगवंत खुर्चीत बसला. कित्येक दिवसांत तो पहिल्यांदाच बसला होता.

बुवांनी थाळी मागितली. झाकणाआडून ती कितीतरी वेळ न्याहाळली. ज्या ठिकाणी लाल होतं तिथं भोकं पडल्यासारखी दिसत होती, जणू कसर लागलेलं लुगडं.

"हे समदं ह्यांनी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"एका रात्रीत," भगवंत म्हणाला.

"शिकवलं कुनी?"

डॉक्टर सोनल म्हणाल्या, की शिकवावं लागत नाही, हे जंतू जन्मजात असेच असतात. बुवांनी थाळी खाली ठेवली. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं आणि मग संताप. आपण इतके दिवस घरातले समजून ज्यांना सांभाळलं, ते मुळातच बाटगे निघाले होते आणि माळकऱ्याच्या गळ्यात, माळेच्या दोन बोटं वर, बिऱ्हाड करून बसले होते. आदल्या दिवशी जे बुवा थाळी ओढ्यात टाका म्हणत होते, त्यांनी डॉक्टरांपुढे हात केला आणि गोळी तिथल्या तिथे मागून घेतली. दोनऐवजी चार घेतल्या तर लवकर जातील का, असंही विचारलं.

या वेळचं औषध नेमकं होतं. सप्ताह बसेपर्यंत बुवांचा आवाज मोकळा झाला. तळेघरला त्यांनी असा काही अभंग लावला, की कुशाबानं टाळ खाली ठेवून नुसतं ऐकलं. मेंढी चिमाजीकडे परत गेली. वाटेत ती बुवांसाठी ओरडत होती असं भगवंत म्हणायचा. भगवंतकडे आता नमुने यायला लागले. त्याची दाढी मात्र कित्येक दिवस वाढलेलीच होती, कारण मेंढीवर वापरलेलं सामान वृषालीनं टाकून दिलं होतं.

इथे सगळं नीट मिटायला हरकत नव्हती. पण डॉक्टर सोनल यांच्या डोक्यात एक गोष्ट राहून गेली होती. बुवांचा घसा वर्षातून दोन-तीनदा का बसतो? कधी कधी घरातल्याच कोणाच्या तरी घशात हा जंतू राहतो. त्या माणसाला काही होत नाही, पण दुसऱ्याला तो सारखा देत राहतो. घरातल्या सगळ्यांचे नमुने एकदा बघून घ्या, असं त्यांनी सांगितलं. घरात माणसं तीनच, आणि थाळ्या उरलेल्या होत्याच. भगवंतनं बुवांचा घेतला, वृषालीचा घेतला, आणि आरशासमोर उभं राहून स्वतःचाही घेतला.

सकाळी बुवांची थाळी साफ निघाली. वृषालीची साफ निघाली. तिसऱ्या थाळीवर कडीच कडी होती. भगवंतनं ती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, थाळ्या अदलाबदल झाल्या असतील म्हणून पुन्हा नमुना घेतला आणि पुन्हा तेच आलं. एवढे दिवस ज्या जंतूचा माग काढायला त्यानं मेंढी आणली, सासऱ्यांना उपाशी ठेवलं, त्यांची घोंगडी ओढली, तो त्याच्याच घशात सुखानं राहत होता.

सांगणं भाग होतं, कारण औषध त्यालाही घ्यायचं होतं. संध्याकाळी बुवा ओसरीवर होते. भगवंत त्यांच्यासमोर बसला, उठला, पुन्हा बसला आणि एका दमात सांगून टाकलं, की मामा, तुमच्या घशातला जंतू माझ्याकडून आलेला आहे.

बुवांनी हातातली माळ थांबवली. ते रागावले नाहीत. रक्त खाणारे जंतू माळकऱ्याच्या गळ्यात आले कसे, हे कोडं त्यांना तळेघरच्या सप्ताहातसुद्धा सुटलेलं नव्हतं. आता सगळं जुळत होतं.

"भगवंतराव," त्यांनी सावकाश विचारलं, "कुठल्या हाटेलात खाता?"

हा जंतू मटण खाल्ल्यानं होत नाही, शाकाहारी माणसालाही तो तितकाच होतो, दोहोंचा काडीचाही संबंध नाही, हे सगळं भगवंतला तोंडपाठ होतं. पुण्यात त्यानं ते परीक्षेत लिहिलं होतं. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि आतून निघालं, "मंचरला. स्टँडच्या मागं."

आत वृषालीच्या हातून ताटली पडली. बुवांनी मान डोलावली. त्यांना जावयाचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं ते शास्त्राचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, लेकीला कळलं नाही, आपल्याला कळलं नाही, कोंडाबाईंनासुद्धा कळलं नाही, आणि एका काडीनं काढून दाखवलं. भगवंतनं पुन्हा समजावायला सुरुवात केली, तेव्हा बुवा म्हणाले, की आता लपवायचं काही राहिलं नाही, उगीच शास्त्राला खोटं पाडू नका.

त्यांनी जावयाला माफ केलं. रागाचा एक शब्दही बाहेर काढला नाही. फक्त त्या लॅबची कीर्ती मंडळात आणि मंदिरात ज्याला त्याला सांगितली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भगवंतनं लॅब उघडली तेव्हा कोंडाबाई पायरीवर बसलेल्या होत्या. शेजारी त्यांचा लग्नाला आलेला लेक सूरज उभा होता. तो जीप चालवायचा, भीमाशंकरपर्यंत प्रवासी सोडायचा आणि दुपारचं बाहेरच जेवायचा. त्यांच्यामागे मंडळातल्या आणखी दोन-तीन घरच्या आया होत्या, आणि प्रत्येकीच्या मागे मान खाली घातलेला एकेक बाप्या.

भगवंतनं विचारलं, की सूरजचा घसा दुखतो का. सूरजनं नाही म्हणून सांगितलं. ताप येतो का, तर तेही नाही.

"मग काय बघायचं, मावशी?" भगवंत म्हणाला. "इथं फक्त रोग कळतो."

कोंडाबाईंनी लेकाला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "त्योच रोग हाय त्याला," त्या म्हणाल्या. "आ कर."